तळटिपांसकट पारायण

आमच्या गावच्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. शेलूबाजारपासून जीपनं वीस मिनिटांवर गाव, त्यात ग्रामपंचायतीच्या मागे दोन खोल्या, चार कपाटं आणि मी. वाचायला येणाऱ्यांत पेपरवाले जास्त. त्यातही पेपर वाचणारे कमी, पेपर तोंडावर घेऊन झोपणारे अधिक. पुस्तकं नेणारे म्हणजे पोलीसभरतीची पोरं आणि स्वयंपाकाच्या पुस्तकासाठी येणाऱ्या दोन सुना. अशा ठिकाणी एका निवृत्त प्राध्यापकांनी आपला सगळा संग्रह देणगी दिला, आणि त्यातून तो ग्रंथ आमच्याकडे आला.

ग्रंथ म्हणजे ग्रंथच. चारशेवर पानं, वऱ्हाडातली लोकदैवतं, अंगात येणं, दृष्ट, उतारे, मंत्र, नवस यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास. अर्धं पान मजकूर आणि अर्धं पान तळटिपा. मी तो कधी वाचला नव्हता. प्रस्तावनेची अडीच पानं वाचली होती आणि तेवढ्या भांडवलावर वाचन प्रेरणा दिनाला दहा मिनिटं भाषण ठोकलं होतं. भाषणानंतर सरपंचांनी माझ्या व्यासंगाचं कौतुक केलं तेव्हा मी नम्रपणे मान खाली घातली. वर बघितलं असतं तर हसू आलं असतं.

तर त्या ग्रंथाचा पुठ्ठा निखळला. बाइंडिंगला वाशीमला न्यायचा कंटाळा. बायकोनं ओटीत आलेला लाल ब्लाऊजपीस दिला, तो मी ग्रंथाला गुंडाळला. कपाटात मावेना म्हणून कपाटावर ठेवला. कपाटावर धूळ म्हणून खाली पाट ठेवला. यातलं प्रत्येक पाऊल अगदी व्यवहाराचं होतं, हे मी आजही कोणत्याही देवाची शपथ घेऊन सांगेन. फक्त तीन पावलं मिळून काय होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही.

ते मावशीच्या आलं. मावशी म्हणजे आमच्या वाचनालयाच्या पायरीवर मेथी-पालक घेऊन बसणारी म्हातारी. गावाबाहेर तिचा मळा. सकाळी भाजी खुडून आणायची, दुपारपर्यंत संपवायची आणि मग आमच्या माठातलं पाणी पिऊन जायचं, असा तिचा नेम. एक दिवस पाणी पिता पिता तिनं वर पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला.

"भाऊ, पोथी कोणाची बा ही?"

"वाचनालयाची."

"लय जुनी हाय काय?"

"जुनी आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं. छापून चाळीसेक वर्षं झालीच होती.

दुसऱ्या दिवशी पाटावर झेंडूचं फूल. आठवड्यात हळदकुंकू. नंतर मावशीची आटलेली म्हैस एकाएकी पान्हवली आणि तिनं ते श्रेय पोथीला दिलं. म्हशीला सरकी ढेप सुरू केली होती हे तिनंच मला आधी सांगितलं होतं, पण आता ढेपेचा उल्लेख गाळला गेला. बाया येऊ लागल्या. त्या आत येताना चपला बाहेर काढत, म्हणून पेपरवाल्यांनाही काढाव्या लागल्या. माझ्या वाचनालयात इतकी स्वच्छता कधी नव्हती.

आणि मी काय केलं? इथंच तर माझी खरी कामगिरी आहे. मी सकाळी कुलूप उघडलं की बायांच्या देखत त्या कपाटापुढे हात जोडू लागलो. त्यांना बरं वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, कारण आता मला कोणी 'तो पेपरवाला' म्हणत नव्हतं. लोक विचारायला येत. एकानं तर लग्नाची तारीख विचारली. मी कॅलेंडर बघून सांगितली.

असे आठेक महिने गेले. मग ती पोरगी आली.

केनवडकडच्या एका तांड्यासारख्या छोट्या वस्तीवरची, दोन गाड्या बदलून आलेली. खांद्याला पिशवी, हातात वही. एम.ए.चा लघुप्रबंध करत होती. घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती वाशीमला वसतिगृहात राहते. हे सगळं तिनं दोन मिनिटांत सांगितलं आणि ग्रंथाचं नाव घेतलं.

"काका, जिल्ह्यात एकच प्रत हाय म्हणे. तुमच्याकडं."

तिची अडचण अशी. त्यांच्या वस्तीतल्या बाया ऊसतोडीला निघताना गावदेवीपाशी पडलेला एक खडा उचलून पदराच्या टोकाला बांधतात. सहा महिने तो खडा त्यांच्याबरोबर उसाच्या फडात असतो. परत आल्या की तो जिथून उचलला तिथंच ठेवायचा. तिच्या आईनं आजवर असे कितीतरी खडे नेले-आणले. तिनं यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं होतं. पण मार्गदर्शक सर म्हणाले, आई सांगते हा काही पुरावा होत नाही. छापील संदर्भ आण, नाहीतर हे प्रकरण काढून टाक. कोणीतरी तिला सांगितलं की या ग्रंथात कुठंतरी त्या चालीची नोंद आहे. कोणत्या पानावर, ते माहीत नव्हतं. प्रबंध जमा करायला बारा दिवस उरले होते.

"घे की मग," मी म्हणालो. ती स्टुलावर चढली. तिचा हात लाल कापडाला लागतो न लागतो तोच पायरीवरून आवाज आला.

"ए पोट्टे! उतर खाली! हात धुतले काय? पारायण केल्याबिगर पोथी उघडतेस काहून?"

मावशी उठून आत आली. तिच्यामागे आणखी तीन बाया. मी घाईघाईनं म्हणालो, "मावशी, अहो ही पोथी नाही. साधं पुस्तक आहे."

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतले गुरुजी आठवले.

"पुस्तक हाय? मंग तू आठ महिन्यांपासून कायले हात जोडून राह्यला?"

मी पुढं होऊन पोरीला उतरायला स्टूल धरलं.

बाया गेल्यावर मी हळू आवाजात पोरीला म्हणालो, "दुपारी सगळे जातात. दार लावून घेतो, तू मोबाइलवर फोटो काढ. अर्ध्या तासाचं काम." मला वाटलं, ती खूश होईल. ती म्हणाली, "नाही काका. माहा अभ्यासच अशा बायायच्या श्रद्धेवर हाय. यायच्या पाठीमागं उघडून मंग यायलेच प्रश्न कोणत्या तोंडानं इचारू?" मी तिच्याहून तीस वर्षांनी मोठा. मी माठाकडे गेलो आणि पाणी प्यालो.

शेवटी तिनंच मावशीपाशी बसून तडजोड काढली. पोथी उघडायची तर रीतीनं: सात दिवसांचं पारायण, रोज दुपारी भाजी विकून झाल्यावर, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मोठ्यानं. सातव्या दिवशी समाप्ती आणि रोडगे. वाचणार मी, कारण पोथी सांभाळणारा मीच. पोरगी शेजारी बसून लिहून घेणार.

"आंघोळ करून येजो," मावशी मला म्हणाली. "आन मधात काही सोडाचं नाई. ओळ गाळली तर दोष लागते."

पहिल्या दिवशी मी सोवळ्यासारखा टॉवेल खांद्यावर टाकून बसलो आणि अनुक्रमणिकेपासून सुरुवात केली. समोर पंधराएक बाया. कुणाच्या हातात निवडायची कोथिंबीर, कुणाच्या मांडीवर नातू. पान संपलं की मी आकडा म्हणायचो, म्हणजे पोरीला वहीत टिपता यावा. पहिल्या पानाच्या तळटिपा मी गाळून पुढं जाऊ लागलो, तर मावशी म्हणाली, "खालचं काहून सोडतं?"

"ते बारीक अक्षरातलं आहे मावशी. कुठून घेतलं वगैरे. महत्त्वाचं नाही."

"फवारणीच्या डब्यावर बी बारीकच अक्षरात लिवलं असते, भाऊ. थेच वाचा लागते."

तेव्हापासून तळटिपा आल्या. संदर्भग्रंथांची नावं, गॅझेटियर, टिपणं, सगळं. बाया ऐकत होत्या आणि, याची मला मुळीच कल्पना नव्हती, तपासत होत्या. लेखकानं दृष्ट काढण्याची रीत लिहिली होती. मी वाचली. एक बाई म्हणाली, "मिरच्या पाच नाई, सात." दुसरी म्हणाली, "आमच्याकडं पाच." मग अर्धा तास मिरच्यांवर गेला. पोरगी भराभरा लिहीत होती. एका ठिकाणी लेखकानं अंगात येणाऱ्या बायकांच्या मानसिक ताणाबद्दल दीड पान लिहिलं होतं. ते मी वाचलं. मग माझ्या समोरची एक जण आपल्या जावेला म्हणाली, "पाह्य, मी म्हणत होती ना, माह्या सासूचं नाटक नव्हतं."

"तिची सासू माही बी सासू हाय," जाऊ म्हणाली. "नाटक बी होतं थोडंसं."

तिसऱ्या दिवशी मात्र माझी परीक्षा होती. त्या प्रकरणात लेखकानं एखादी साधी वस्तू देव कशी बनते ते उलगडून सांगितलं होतं. आधी कोणीतरी तिला कापडात गुंडाळतं, मग उंचावर ठेवतं, मग कोणीतरी मोठं माणूस लोकांदेखत तिच्यापुढे हात जोडतं, आणि पुढचं काम गाव करतं. हे सगळं मी माझ्याच तोंडानं, मोठ्यानं, तळटिपांसकट वाचलं. कान गरम झाले होते. बाया मान डोलावत होत्या. "बराबर लिवलं," मावशी म्हणाली. पोरगी वहीत तोंड खुपसून हसत होती. तिचे खांदे हलत होते.

पण खड्याचं काही निघेना. रोज संपताना ती मला पानांचा आकडा विचारायची आणि उरलेली पानं बोटानं चिमटीत धरून बघायची. चौथ्या दिवशी जाताना म्हणाली, "काका, उद्या सरायनं बोलावलं वाशीमले. मी नाही. पण वाचन थांबवू नका. खड्याचं आलं तर पान लिहून ठेवा."

आता पाचव्या दिवसाची गोष्ट सांगायची म्हणजे मला जरा खाकरावं लागेल.

त्या दिवशी शेलूबाजारला लग्न होतं. पंगत दुपारची. माझ्या मित्राच्या पुतण्याचं लग्न आणि आचारी तो, ज्याच्या हातची जिलबी मी वर्षभर आठवतो. पंगती लवकर उरकतात. इकडे समोर सहाच बाया, त्यातल्या दोन पेंगत होत्या. पोरगी नव्हती. माझा घसा बसलेला. आणि ग्रंथात आलं होतं गावदेवींच्या नैवेद्यांचं लांबच लांब वर्णन. मी एका पानावर थांबलो, पाणी प्यालो, टॉवेलनं तोंड पुसलं, आणि पान उलटताना जरा जाडसर उलटलं. मग नव्या प्रकरणाची दोन पानं वाचून, "आजच्यापुरतं एवढंच," म्हणून जीप पकडली. जिलबी गरम मिळाली. चार खाल्ल्या.

सहाव्या दिवशी पोरगी आल्या आल्या म्हणाली, "काल माह्या कामाचं काही निघालं काय?"

"नाही," मी म्हणालो. "सगळं नैवेद्याचंच होतं."

हे बोललो आणि आतून कुठंतरी काहीतरी टोचलं. पण माणसाला जिलबी पचायला एक दिवस लागतोच, असं समजून मी पुढं वाचायला लागलो.

सातवा दिवस. वाचनालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत बायांनी गोवऱ्यांचा आर पेटवला होता. कणकेचे पदर घालून वळलेले रोडगे त्यात पुरले होते, शेजारी वांग्याची भाजी रटरटत होती, आणि मी पाटावर ग्रंथ घेऊन शेवटाकडे आलो होतो. सूची राहिली होती. अकारविल्हे दैवतांची नावं आणि पुढे पानांचे आकडे. मी म्हणालो, "ही नुसती यादी आहे." "देवायचीच ना?" असं उत्तर आलं. मग मी यादी वाचली. प्रत्येक नावाला बाया हात जोडत होत्या. एवढ्या भक्तिभावानं कोणत्याही ग्रंथाची सूची कोणी ऐकली असेल असं मला वाटत नाही.

सूची संपली. पोरीनं पेनाला टोपण लावलं.

"नाही निघालं," ती म्हणाली. कोणाला उद्देशून नाही. मग वही मिटून पिशवीत ठेवताना म्हणाली, "आता मायचं प्रकरण काढाच लागते."

मी ग्रंथाकडे बघत होतो. ग्रंथ माझ्याकडे बघत होता. तोंडापर्यंत आलेले शब्द मी आणखी कितपत गिळू शकलो असतो, हे मला माहीत नाही, कारण तेवढ्यात मावशी म्हणाली, "आता थे राह्यलेलं वाच, भाऊ. रोडगे निघायले अजून वेळ हाय."

"कोणतं राहिलेलं?"

"पाचव्या दिवशी दोनशे एक्क्याऐंशीवर थांबून पाणी पेला. मंग म्हणला तीनशे चार. मधातलं."

माझ्या हातातून टॉवेल पडला. म्हातारीला एक अक्षर वाचता येत नाही. पण रोज पहाटे दोनशे-तीनशे जुड्या बांधणारी बाई आकडा चुकेल कशी?

"तुम्हाला कळलं होतं? मग बोलला का नाहीत?"

"मले वाटलं गुरूनं मना केलं असंन. काही काही पोथ्यायत असते तसं. सगळ्यायनं ऐकाचं नसते."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोरीनं सर्वांत आधी. आणि तिची नजर रागाची नव्हती, नुसती थांबलेली होती, त्यानं मला जास्त लाज वाटली. मी मग सांगितलं. लग्न, पंगत, जाडसर उलटलेलं पान, आणि दुसऱ्या दिवशी तिला मारलेली थाप. जिलब्यांचा आकडा दोनवर आणला होता, पण मावशीनं "खरं सांग" म्हटल्यावर चार सांगितल्या.

"बाप्पा! जिलबीपायी बावीस पानं गिळली!"

"याले दोष लागंन ना वं?"

"लागला ना. आता रोडगा मिळणार नाई याले."

"वाच," मावशी म्हणाली. "मोठ्यानं. आर इझाच्या आंधी."

मी आराजवळ पाट ओढला आणि वाचायला लागलो. गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत, घसा बसलेला, मागून बाया 'मोठ्यानं' म्हणून ओरडत होत्या. नैवेद्य, नैवेद्य, आणि मग नैवेद्य संपले आणि परिच्छेद बदलला. परगावी जाणाऱ्या बायकांनी गावदेवीचं काहीतरी बरोबर नेण्याच्या चालीबद्दल. रिसोडकडच्या एका वस्तीत लेखकाला एका म्हातारीनं पदराची गाठ सोडून खडा दाखवला होता.

"थांबा," पोरगी म्हणाली. टोपण कुठंतरी मातीत पडलं. "पुन्हा वाचा. पान?"

"दोनशे एक्क्याण्णव."

मी पुन्हा वाचलं. तळटीपही वाचली. आणि त्यापुढचं वाक्य, ज्यात लेखकानं ही चाल आता लुप्त झाली असल्याचं म्हटलं होतं.

"लुप्त म्हंजे?" मावशी.

"बंद पडली."

पोरगी हसली. या सात दिवसांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तिनं मोबाइल काढला, आईला लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. पलीकडे उसाच्या पाचटाची सळसळ, कुणाच्या तरी हाका.

"माय, तुह्या पदराले खडा हाय काय?"

"हाय ना. थो कोठी जाईन? काहून, काय झालं?"

"काही नाई. पुस्तकात लिवलं का ही चाल आता कोणी करत नाई म्हणून."

"कोणं लिवलं?"

"एका मोठ्या माणसानं. लय जुनं पुस्तक हाय."

"बरं. मंग त्याले म्हण, आमी घरी आलो का जेवाले ये. दाखवतो. आता ठेव, मोळी बांधाची राह्यली."

फोन बंद झाला. मग एकदमच सगळ्या बाया बोलू लागल्या. कुणाच्या माहेरी खड्याऐवजी माती नेतात, कुणाकडे विड्याचं पान नेत होते. पोरगी एका हातानं लिहीत होती आणि दुसऱ्या हातानं एकेकीला थांबवत होती: "एक एक, आत्या, एक एक जण सांगा." रोडगे आरातून निघाले, फोडले, तूप घातलं. मला मिळाला. मावशीनं सर्वांत करपलेला निवडून दिला, एवढंच.

समाप्तीनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी पोरीचा फोन आला. मी पेपरवाल्यांत बसलो होतो, बाहेर आलो.

"काका, सरायले दाखवलं."

"मग? ठेवलं का आईचं प्रकरण?"

"सर बराच वेळ वाचत बसले. मंग म्हणे, या ग्रंथाचा संदर्भ तळटिपेत घाल. आणि मुख्य मजकुरात आई काय म्हणते ते लिही, तिच्याच शब्दांत. मोळी बांधाची राह्यली, हे बी काढू नको म्हणे."

मी म्हणालो, वा. आणखी काहीतरी शहाणपणाचं म्हणणार होतो.

"काका, ठेवते. आख्खं प्रकरण नव्यानं टाइप कराचं हाय. दोनच दिवस हायत."